जुन्या पीसीवरचं हलकं लिनक्स, एवढं तेवढं करा की

गंगावेशीतल्या मामांच्या दुकानात जुना पीसी आहे, २ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, त्यावर मागच्या महिन्यात हलकं लिनक्स (विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टीम, पण कमी ताकदीच्या पीसीवर चालणारी) टाकलं आणि खरं सांगतो लई भारी चालतंय, बिलं निघतात, मेल उघडतो, मामा खूश. पण काही गोष्टी बनवणाऱ्यांनी आधीच करून द्यायला पाहिजेत असं मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी झेडरॅम. रॅमचाच थोडा भाग घ्यायचा आणि त्यात डेटा दाबून भरायचा, म्हणजे रॅम भरली की डेटा स्लो डिस्कवर हलवायची, म्हणजे स्वॅप करायची वेळ कमी येते. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ही सोय २०१४ पासून पक्की आहे, मग इन्स्टॉल करतानाच चालू का नाही करत? मी हाताने चालू केलं, आता चार टॅब उघडले तरी माऊस अडकत नाही, आधी दुसऱ्याच टॅबला डिस्क खरखर करायची.

आणि मराठी! 'कोल्हापूर' टाइप केलं की नुसते चौकोन. लोहित देवनागरी फॉन्ट टाकला, झालं काम, जागा पण फार खात नाही. तो आणि मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड भाषा निवडली की आपोआप यायला पाहिजे, मामांसारख्या माणसानं टर्मिनल उघडून कमांड कुठं टाइप करत बसायचं?

३२ बिटवाल्यांचं, म्हणजे जुन्या धाटणीचा प्रोसेसर असलेल्यांचं पण बघा. बऱ्याच हलक्या सिस्टीम ज्या लिनक्सवर उभ्या आहेत त्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीने २०२५ मध्ये त्यांचा इन्स्टॉलर बंद केला, त्यामुळं हलक्या सिस्टीमवाल्यांनी कुठला प्रोसेसर चालतो ते डाउनलोडच्या आधीच ठळक लिहावं. शेजारच्या दुकानातला पीसी रविवारी घेतोय हातात, तो ३२ बिटच आहे.