बांगडा, पेडवे, तारली

ब्रिटनमध्ये 2020पासून दर उन्हाळ्यात दक्षिण आशियाई वारसा महिना पाळतात. वायव्य लंडनमधल्या आमच्या मानसोपचार विभागात त्या दुपारी समोसे होते आणि भिंतीवर फलक. 1960-70च्या दशकांत शल्यचिकित्सेत जागा न मिळालेले उपखंडातले डॉक्टर वृद्धोपचार आणि मानसोपचाराकडे कसे ढकलले गेले, पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, शिकलेले दिनेश भुग्रा 2008 ते 2011 रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्स या ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष कसे झाले, सगळं नीट मांडलं होतं. माझं डोकं मात्र सकाळच्या स्मृती-क्लिनिकमध्येच अडकलं होतं.

आजी मालवणकडच्या, वय 78, शाळा चौथीपर्यंत. सोबत मुलगा. आधीच्या तपासणीच्या कागदावर एसीई-थ्री या स्मृती आणि आकलनाच्या चाचणीत 100 पैकी 51 गुण आणि ‘भाषा : हिंदी’. दुभाषी हिंदीच बोलावला होता. या चाचणीत चित्रं ओळखायची असतात : जहाजाचा नांगर, हार्प, अकॉर्डियन, पिंप वगैरे. त्यातलं राजघराण्याशी संबंधित कोणतं, अंटार्क्टिकात सापडणारं कोणतं, असंही विचारतात. पंतप्रधान झालेली बाई कोण, यावर आजी ‘इंदिरा गांधी’ म्हणाल्या होत्या. अपेक्षित उत्तर ब्रिटनमधलं, थॅचरसारखं. गुण शून्य. अशा 51चं काय करायचं?

मी रुडास ही दुसरी स्मृती-चाचणी घेतली. सिडनीत तयार झालेली, 30 गुणांची, कमी शिकलेल्यांना आणि परभाषकांना बऱ्यापैकी न्याय देणारी. 22 किंवा त्याखाली गुण आले तर पुढचा तपास करायचा. मुलाला बाहेर बसवलं. घरचं माणूस दुभाषी झालं की आईची लाज राखायला उत्तरं सावरतं, त्याचाही दोष नसतो.

वाण्याची यादी दिली : चहा, तेल, अंडी, साबण. पाठ होईपर्यंत पाच वेळा सांगता येते. आजींना तीन वेळा लागल्या. मिनिटभरात प्राण्यांची नावंही सांगायची असतात. ‘‘मासे चलतले?’’ चालतात. ‘‘बांगडो, सुरमई, पेडवे, तारली, मोरी...’’ वीस सेकंदांत आठ नावं, म्हणजे पूर्ण 8 गुण. हिंदी दुभाष्याला पेडवे कळले असते का, कोण जाणे. डावा-उजवा हात, पाय, कान दाखवण्यात 5 पैकी 5. मूठ आणि तळवा आलटून पालटून टेकवण्यात 2 पैकी 1. सिग्नल नसलेला रस्ता ओलांडण्यात 4 पैकी 2. घनाकृती काढण्यात 3 पैकी 0. पेन्सिल हातात धरून पासष्ट-सत्तर वर्षं झालेल्या बाईचं हे शून्य मी फारसं मनावर घेत नाही.

पाच मिनिटांनी यादी विचारली. काहीच नाही. अशा वेळी ‘पहिला चहा होता’ एवढीच आठवण करून देतात, आणि चहाचे गुण मिळत नाहीत. बऱ्याच वेळाने ‘साबण’ आला : 8 पैकी 2. एकूण 18. घनाकृतीचे तीनही गुण दिले असते तरी 21.

मुलाची अपेक्षा उघड होती : आपला डॉक्टर, आपली भाषा, म्हणजे ‘वय झालंय, बाकी काही नाही’ असंच ऐकायला मिळणार. मलाही क्षणभर तेच म्हणावंसं वाटलं, आणि आपल्या माणसाने तपासण्यातला धोका हाच. 51 खोटा होता. विसरणं खरं होतं. तो म्हणाला, गेल्या महिन्यात गॅस दोनदा चालू राहिला. हे आधीच्या कागदात नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बारा वर्षं. त्याने बी-12 जीवनसत्त्व उतरू शकतं आणि त्यानेही स्मृती ढासळते, म्हणून आधी बी-12, थायरॉइड, मग सीटी स्कॅन. डोनेपेझिल या डिमेन्शियावरच्या औषधाचा विचार त्यानंतर, तोही ईसीजी पाहून, कारण त्याने नाडी मंदावू शकते.

‘‘माका काय जाला गो?’’ आजींनी विचारलं. मी ‘डिमेन्शिया’ म्हटलं नाही. निदान अजून व्हायचं होतं. ‘‘इसराक होता, त्याचा कारण शोधतंय,’’ माझ्या मोडक्या मालवणीत सांगितलं. त्या हसल्या, बहुधा उच्चाराला.

पुढच्या भेटीसाठी संगणकावर भाषा बदलली. यादीत मराठी आहे, मालवणी नाही. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं : दुभाषी सिंधुदुर्गाकडचा मिळाला तर बरा.