वारा उत्तरेचा झाला

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, वारा फिरला तो १० ऑक्टोबरला, शुक्रवारी. माझ्या छोट्या वहीत तशी नोंद आहे. चार महिने तो डाव्या कानावर येत होता, पश्चिमेकडून, ओला. त्या सकाळी नाशिकच्या टोकाचं म्हसरूळ सोडलं, चढ संपला, सायकल मोकळ्या रस्त्याला लागली आणि वारा सरळ तोंडावर आला. कोरडा होता. ओठांना कळला आधी. मी कॅरिअरवरच्या रेनकोटच्या घडीवर हात ठेवला आणि ठरवलं, उद्यापासून हा घरी.

मी दिंडोरी रस्त्याने रोज जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर सायकल चालवते. ढकांब्याच्या पुढे रस्त्यालगत एक लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथे मी नोकरीला आहे. माती, पाणी, देठ आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाच्या काड्या तपासायचं आमचं काम. सायकल घेतली २०२१ मध्ये. नाशकात सायकलवाल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही, हे या शहराचं मला फार आवडतं. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतली ‘रॅम’ शर्यत पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्यानंतर सायकल दिसली नाही असं घर आमच्या गल्लीत तरी उरलं नाही. पण रविवारी सकाळी हेल्मेट घालून त्र्यंबक रस्त्याला जाणं वेगळं आणि सोमवारी डबा बांधून कामावर जाणं वेगळं. कामावर जाणाऱ्याला हवामान निवडता येत नाही.

शरद म्हटला की लोकांना चांदणं आठवतं. मला आधी ऊन आठवतं. सकाळी सात वाजता अंगावर काटा येतो आणि दुपारी एकला बाहेर उभं राहवत नाही, असे दिवस ऑक्टोबरात सलग येतात. पावसाने धुतलेल्या हवेत धूळ नसते, म्हणून ऊन थेट लागतं. सकाळी निघताना विंडचीटर, साडेसातला तो कमरेला, येताना पिशवीत. पाण्याच्या दोन बाटल्या. या दिवसांत मी येताना दोनदा थांबते, आणि थांबते ती सावलीसाठी.

रस्ता रोज वेगळा असतो. नवरात्रात कडेला सोयाबीन सोंगून पडलेलं, मग मळणी यंत्र, मग हवेत तो बारीक भुसा. गॉगल नसेल तर डोळे लाल होतात आणि गळ्यात मानेभोवती खाज सुटते. मका वाळत घातलेला असतो अर्ध्या रस्त्यावर, त्याच्या बाजूला दगड मांडलेले. टोमॅटोची कॅरेट भरलेले पिकअप मागून इतक्या जवळून जातात की हँडल हलतं. पाऊस पडून गेला असेल तर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो आणि तो काळ्या मातीचा चिखल साबणासारखा असतो. तिथे ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही, नुसतं सरळ जाऊ द्यायचं. हे मला गुडघा फोडून घेतल्यावर कळलं.

आणि सराटा. पावसाळाभर तो जमिनीला धरून पसरतो, पिवळी नाजूक फुलं येतात, फार गोड दिसतो. ऑक्टोबरात त्याचं फळ वाळतं आणि फुटून त्याचे तुकडे होतात. त्या तुकड्याची रचना अशी की तो कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. गाडी अंगावर आली म्हणून रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरलात की संपलं. या ऑक्टोबरात माझी चार पंक्चर झाली, चारही सराट्याची. काटा इतका बारीक असतो की टायरवरून दिसत नाही. ट्यूब काढायची आणि टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवायचा. बोट नाही, कापूस. जिथे तंतू अडकतो तिथे काटा. तो चिमट्याने ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत पुन्हा बसते. आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी मला हे शिकवलं. आता डब्याच्या पिशवीत पंप, ट्यूब, दोन टायर लिव्हर, चिमटा आणि कापूस कायम असतो.

काम सांगते, कारण ते आणि हा रस्ता माझ्या मनात एकच झालेत.

द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. लोकांना वाटतं ऑक्टोबरात घड तयार होतो. घड तयार होतो त्याच्या कितीतरी आधी, मे-जूनमध्ये, खरड छाटणीनंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे जिथून पुढे कोंब फुटतो तिथे. तो तिथे चार महिने झोपून असतो. त्या घडनिर्मितीला ऊन लागतं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी शेतकरी बागेतल्या काड्या कापून आमच्याकडे आणतात. आम्ही एकेक डोळा ब्लेडने उभा कापतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. काडीच्या बुडापासून पहिला, दुसरा, तिसरा असे डोळे मोजत जायचं. घड असेल तर हिरवट-पांढरी गुठळी दिसते, कोबीच्या गड्ड्यासारखी, बारीक बारीक उंचवटे एकावर एक. नसेल तर दोन बोटं वर केल्यासारखं काहीतरी दिसतं. ती बाळी, वेल आधाराला गुंडाळते तो तंतू. म्हणजे घड व्हायचा होता आणि तो बाळीत गेला. शेतकरी त्याला घड जिरला म्हणतात. कितव्या डोळ्यावर घड आहे ते कळलं की किती डोळे राखून काडी कापायची ते ठरतं. सबकेन, म्हणजे शेंडा खुडल्यावर गाठीपुढे फुटलेली पोटकाडी, असेल तर गाठीपाशी कापायची की गाठीच्या पुढे एक डोळा ठेवून, तेही ठरतं. मागे कापली तर घड काडीबरोबर जमिनीवर पडतो.

यंदा मे महिन्याच्या पहिल्याच पंधरवड्यात पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. २६ मे रोजी तर मान्सून मुंबईत पोचला. त्या मे-जूनमध्ये मी रोज भिजत कामावर गेले, पाय सुकत नव्हते, चेनीला दर दोन दिवसांनी गंज चढत होता, आणि मला वाटत होतं हा त्रास माझा आहे. सप्टेंबरात काड्या आल्या. दहा डोळे कापावेत आणि आठांत बाळी. मग कळलं की मी भिजत होते तेव्हा बाजूच्या बागांमध्ये डोळ्यांना ऊन मिळत नव्हतं. ज्या ढगाखालून मी रोज जात होते तोच ढग ब्लेडखाली पुन्हा दिसला.

एका सकाळी मी सायकल लावत होते तेव्हा दारातच एक शेतकरी बसलेले. साठीचे असतील. मी त्यांना काका म्हणते. काड्यांची जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. मी पोचायच्या आधी तासभर येऊन बसले होते. तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. त्यांच्या पंचवीस काड्या मी कापल्या. काका मागे उभे राहून एकच विचारत होते, “दिसतंय का ताई काही?” सातव्या-आठव्या डोळ्यावर काही काड्यांत घड होता, लहान, गोळीसारखा आखूड राहणारा ‘गोळी घड’ होईल असा. बाकी बाळी. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग चष्मा पुसत म्हणाले, “बारीक हाये पण हाये.” मी लांब राखून छाटा म्हणून लिहून दिलं. त्यांची बाग माझ्या रस्त्यावर आहे, ढकांब्याच्या अलीकडे, उजव्या हाताला. त्या दिवसापासून मी रोज तिकडे बघत जाते.

खंडेनवमीला आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाची पूजा झाली. मी माझ्या सायकलच्या हँडललाही झेंडूचा हार घातला आणि संध्याकाळी तो हार घेऊनच घरी आले. पाकळ्या वाटेत सांडत गेल्या.

कोजागरीच्या दोन दिवस आधी, शनिवारी, निघायला उशीर झाला. या दिवसांत उशीर महाग पडतो. ऑगस्टच्या अखेरीला सूर्य पावणेसातनंतर मावळतो, ऑक्टोबरात सव्वासहालाच आणि नोव्हेंबरात सहाच्या आत. मी रस्त्याला लागले तर समोरून कावडी येत होत्या. सप्तशृंगी गडावर कोजागरीला देवीच्या अभिषेकासाठी दूरदूरच्या नद्यांचं पाणी कावडीने नेतात. रामकुंडावरून निघालेले लोक याच रस्त्याने वणीकडे जातात. अनवाणी, खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना पाण्याची भांडी, कावडीला घुंगरं. अंधारात आधी घुंगरं ऐकू येतात, माणूस नंतर दिसतो. आणि ट्रकवाल्याला घुंगरं ऐकू येत नाहीत.

सात-आठ मुलांचा एक घोळका होता, विशीतली, कुणाकडेही उजेड नाही. मागून गाड्या धडाधड जात होत्या. मी सायकल वळवली, मागचा लाल दिवा लुकलुकता केला आणि घोळक्याच्या शेवटी हातात सायकल धरून त्यांच्याबरोबर उलट दिशेने चालू लागले. त्यातला एक मुलगा कावड बदलायला थांबला. कावड खाली टेकवायची नसते, म्हणून दुसऱ्याने खांदा आधी खाली सरकवला, मग पहिल्याने आपला काढून घेतला. पाण्याचा एक थेंब हलला नाही. पुढच्या हॉटेलपाशी उजेड होता, तिथवर गेले. दिवा काढून त्यांच्या शेवटच्या मुलाच्या पिशवीला लावून दिला. “मावशी, परत कसा द्यायचा?” मी म्हटलं राहू दे. घरी पोचेपर्यंत मी रस्त्याच्या अगदी कडेने आले, पुढच्या दिव्याच्या भरवशावर. दुसऱ्या दिवशी नवा दिवा घेतला. आता पिशवीत जास्तीचे दोन ठेवते.

वारा फिरल्यानंतरचे दहा-बारा दिवस सोन्याचे होते. छाटणीची एकच गर्दी. पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या पिकअप भरून आलेल्या. सकाळी बागांमधून कात्र्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, टिकटिक टिकटिक, शंभर कात्र्या एकदम. गाडीत बसलेल्याला तो कधीच ऐकू येणार नाही. छाटलेल्या काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना रसायनाची पेस्ट लावतात, ते काम चालू असलं की मी तिथे थांबत नाही. फवारणीचा ब्लोअर रस्त्याला लागून असला की श्वास धरून जोरात पॅडल मारते. गंधकाचा वास कपड्यांत राहतो. बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याची, फवारणी झालेल्या बागांची पानं निळसर पडतात आणि सकाळच्या उन्हात फार वेगळी दिसतात. डावीकडे लांब रामशेज स्वच्छ उभा असतो. १६८२ पासून पाचेक वर्षं मोगलांना दाद न देणारा तो किल्ला. पावसाळाभर दिसत नाही, ऑक्टोबरात एक दिवस अचानक दिसतो. त्या सकाळी मी दोन मिनिटं उतरतेच.

मग दिवाळीनंतर पाऊस पुन्हा आला. रेनकोट मी धुऊन, वाळवून, माळ्यावर टाकला होता. वारा पुन्हा डाव्या कानावर, ओला, आणि मी घराच्या फाटकातच ओळखलं. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. नुकत्याच फुटलेल्या बागांवर पाणी साचून राहिलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आलाच. लोक दिवसात दोन-दोनदा फवारत होते, रात्रीसुद्धा. संध्याकाळी मी भिजत येत होते तेव्हा बागांमध्ये ट्रॅक्टरचे दिवे फिरताना दिसायचे. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट इथे कुणी विसरलेलं नाही. मीही नाही. ढग काळा झाला की मला आता भिजायची भीती वाटत नाही, बागांची वाटते. चढावर पाय दुखत असताना मनात एकच चालू असतं, पडू नको, पडू नको.

नोव्हेंबर लागला तसं आभाळ उघडलं. वारा पुन्हा उत्तरेचा झाला आणि यावेळी थंड. सकाळी सीटवर दव असतं, ते फडक्याने पुसून निघते. म्हसरूळच्या उतारावर बोटं बधिर होतात, म्हणून लोकरीचे हातमोजे, त्यावर कान बांधायला आईची जुनी मफलर. सखल भागात धुकं साचलेलं असतं. चढावरून त्यात उतरलं की थंडी पाण्यात पाय घातल्यासारखी गुडघ्यापासून वर येते आणि पुढच्या चढाला लागलं की पुन्हा सुटते. दिवसातला हा एकच भाग असा आहे जो मी कुणालाही देणार नाही.

परवा त्या काकांच्या बागेपाशी वेग कमी केला आणि वास आला. द्राक्षाचा फुलोरा. फूल डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकं बारीक असतं, वास मात्र हलका गोड, थोडा मधासारखा, आणि सकाळी आठपर्यंतच. सायकल बांधाला टेकवून आत गेले. काका वेलींखाली वाकून एकेका घडाला बोट लावत मोजत होते. मला बघून म्हणाले, “या झाडावर अकरा. त्या तिकडं नऊच हायेत.” मग माझ्या लाल झालेल्या नाकाकडे बघून आत घराकडे हाक मारली, “अगं, ताई आल्यात सायकलीवर. चहा टाक.”