आर७१ई चा रॅम बोर्ड: प्रोग्रॅम न पुसता सेल बदलणं

सध्याची स्थिती: आयकॉमच्या आर७१ई या रेडिओ रिसीव्हरच्या रॅम बोर्डवरचा (रॅम म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी मेमरी) जुना सेल निघाला, नवा बसला, प्रोग्रॅम शाबूत आहे, करंट मोजून झाला. रॅममधला मजकूर फाईलमध्ये उतरवून घेणं बाकी.

आयकॉमच्या आयसी-आर७१, आयसी-७५१ आणि आयसी-७४५ मध्ये रेडिओ चालवणारा प्रोग्रॅमच रॅम बोर्डवर असतो आणि तो एका लिथियम सेलवर जगतो. सेल संपला तर नुसती मेमरी चॅनेलं जात नाहीत. डिस्प्लेवर भलतंच काहीतरी दिसतं किंवा काहीच दिसत नाही, बटणं दाद देत नाहीत आणि रिसेट करूनही उपयोग होत नाही. आयसी-७३५ चं तसं नाही. तिचा प्रोग्रॅम रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत आहे, त्यामुळे चॅनेलं परत भरली की काम झालं. म्हणून "सेल संपू दे, मग बघू" हा सल्ला ७३५ वाल्यांसाठी ठीक, आर७१ साठी घातक.

मूळ सेल बीआर२३२५: ३ व्होल्ट, १६५ मिलिअँपिअर-तास, सोल्डर करायला धातूच्या पट्ट्या (पाती) वेल्ड केलेला. सीआर२०३२ ची क्षमता जास्त, सुमारे २२५, आणि व्यास कमी, पण जाडी ३.२ मिमी. बीआर उष्णतेत जास्त टिकतो, म्हणून बंद खोक्यात तोच पसंत. काहीही घ्या, पातीवाला घ्या. उघड्या सेलवर थेट सोल्डर केलं की आतलं सील भाजतं. होल्डरही इथे नको, संपर्क क्षणभर सुटला तरी सगळं गेलं.

व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका. लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. या रॅमला मजकूर धरून ठेवायला किमान २ व्होल्ट लागतात. इथला जुना सेल २.६८ दाखवत होता, तेवढं निमित्त पुरेसं होतं.

तात्पुरता पुरवठा

सेल काढलेला असताना रॅम जगवायला हा जोड: दोन नवे अल्कलाईन पेन्सिल सेल (मिळून ३.२ व्होल्ट), त्यांच्या प्लसपासून क्रमाने १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १एन४१४८ डायोड. इतक्या कमी करंटला डायोडवर ०.३ ते ०.४ व्होल्टच पडतात, म्हणजे रॅमला साधारण २.८ मिळतात. १एन५८१९ वापरू नका, त्याची उलटी गळती या कामाला फार आहे.

वायरी बोर्डच्या ट्रॅकवर जोडायच्या, सेलच्या पातीवर नाही. पातीवर क्लिप लावली तर सेलबरोबर पुरवठाही सुटतो. ही चूक सगळ्यात जास्त होते.

रेडिओ चालू ठेवून सेल बदलायची पद्धतही आहे, पण सोल्डरिंग आयर्नच्या टोकातून येणारी मेन्सची गळती आणि हातातून निसटलेला स्क्रू, दोन्ही जिवावरचे. त्यापेक्षा बोर्ड काढून सुक्या लाकडी फळीवर ठेवा. काळा अँटिस्टॅटिक फोम अजिबात नको: तो करंट वाहतो, पिना एकमेकींना जोडतो. २५ वॅटचं आयर्न तापवायचं, प्लग काढायचा, मगच टेकवायचं. एका सांध्याला दोन-तीन सेकंद, नाही सुटला तर पुन्हा तापवायचं.

मोजमाप

जुना सेल निघाला की रॅमचा सगळा करंट त्या १० किलोओहममधूनच जातो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावायचा: १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. मीटर करंटवर लावून सर्किट तोडायची गरजच नाही.

पहिलं रीडिंग ३४ मिलिव्होल्ट. १६५ मिलिअँपिअर-तासाला ३.४ मायक्रोअँपिअरने भागलं की ४८,५०० तास, म्हणजे साडेपाच वर्षं. रॅमच्या मानाने हा करंट जास्त वाटला. भिंगातून पाहिलं तर सेलच्या दोन पॅडांमध्ये जुन्या फ्लक्सचा (सोल्डर करताना लावतात त्या रसायनाचा) तपकिरी, चिकट थर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोनदा पुसलं, अर्धा तास वाळू दिलं. मग रीडिंग आलं १४. दोन मायक्रोअँपिअर नुसत्या मळातून वाहत होते! नवा हिशोब साडेतेरा वर्षांचा. कोकणपट्टीत पावसाळ्यात हीच गळती आणखी वाढते, त्यामुळे तिकडे ही सफाई सेलइतकीच महत्त्वाची. पॅडांना उघड्या बोटांनी हात लावू नका.

नवा सेल जोडला आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज शून्याजवळ आलं. सेल आता पुरवठ्यापेक्षा वर असल्याने डायोड बंद झाला, म्हणजे सांधा पक्का. १४ तसंच राहिलं असतं तर सोल्डर कच्चं, आणि अशा वेळी पुरवठा काढायचा नाही.

सेलवर मार्करने महिना-वर्ष लिहिलं आहे. हिशोब साडेतेरा म्हणत असला तरी सेल आतूनही झिजतो, आठव्या वर्षी बदलायचा.

सेलऐवजी सुपरकॅपॅसिटर (मोठ्या क्षमतेचा कॅपॅसिटर) चालेल का, अशी विचारणा होते. १ फॅराड, ५ वरून २ व्होल्टपर्यंत, १.४ मायक्रोअँपिअरने: कागदावर सुमारे २५ दिवस, आणि त्याची स्वतःची गळती धरली की त्याहून कमी. महिनाभर बंद राहू शकणाऱ्या संचात हे चालणार नाही.

पुढचं काम: रॅम वाचून दोन ठिकाणी फाईल जपणं, मग रॅमच्या जागी बॅटरी न लागणारी मेमरी चिप, एफरॅम. ती सरळ बदलीत चालत नाही. पिनांची मांडणी वेगळी असते, शिवाय एफएम१६०८ सारख्या चिपला मेमरीतल्या प्रत्येक पत्त्यासाठी चिप-एनेबल (चिपला जागं करणारा सिग्नल) वरून खाली यावा लागतो. तो सतत खाली धरलेला असेल तर ती पहिलाच पत्ता धरून बसते, म्हणून आधी या बोर्डवर तो सिग्नल कसा हलतो ते ऑसिलोस्कोपवर पाहायचं आहे.