सेव्ह केलेला राजा : आर्थर-कादंबरीची प्रगती-नोंद

मागच्या नोंदीत कादंबरीचा मुख्य पेच अनिर्णित ठेवला होता. तो आता सुटला असून पहिल्या भागाचा कच्चा खर्डा पूर्ण झाला आहे. नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी लिहीत असलेली ही कुमार-कादंबरी इंग्लंडमधल्या विंचेस्टर शहरात घडते. बारा वर्षांच्या नेलला जुन्या सामानाच्या बाजारात ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजावरच्या एका व्हिडिओ गेमचे कार्ट्रिज (गेम साठवलेली, यंत्रात खोचायची डबी) मिळते, त्यात कुणीतरी पूर्वी सेव्ह करून ठेवलेला डाव ती उघडते आणि थेट आर्थरच्या दरबारात जाऊन पडते, एवढे कथानक नियमित वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच.

पेच असा होता. गेममध्ये मेलेला खेळाडू मागच्या सेव्हपासून पुन्हा उभा राहतो. कॅम्लानच्या, म्हणजे आर्थरच्या अखेरच्या लढाईत तो पडला, तर नेल पुन्हा लोड करील आणि तो वाचेपर्यंत करीतच राहील. मग वाचकाने जीव मुठीत धरून वाचावे ते कशासाठी? ‘तीनदाच लोड करता येईल’ अशी अट घालणे सोपे होते, परंतु असल्या अटी लेखकाने स्वतःच्या सोयीसाठी आणलेल्या असतात आणि या वयाची मुले ते पहिल्या पानावरच ओळखतात.

शेवटी अट आर्थरकथेच्या पोटातच सापडली. ही कथा एका हाताने लिहिलेली नाही. ती शतकानुशतके थरावर थर चढत वाढली आहे. तेव्हा नियम असा ठरवला की, लोड केल्यावर नेल काही क्षण मागे जाण्याऐवजी त्याच लढाईच्या आधीच्या काळी लिहिलेल्या आवृत्तीत जाते आणि त्या आवृत्तीत जे कुणी अजून लिहिले गेलेले नाहीत, ते तिच्या बाजूने लढायला उरत नाहीत.

सुरुवात १४८५ च्या थरात होते. त्या वर्षी विल्यम कॅक्स्टनने सर टॉमस मॅलरीचा ग्रंथ छापला आणि त्यात आर्थरचा नामांकित सरदार लान्सलॉट, होली ग्रेल हे पवित्र पात्र, दगडातली तलवार, सरदारांचे गोलमेज असा सगळा परिवार एकत्र नांदतो. पहिल्यांदा लोड केल्यावर नेल बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, क्रेतियँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या थरात येते. तिथे लान्सलॉट आहे, आर्थरच्या राजधानीचे, कॅमलॉटचे नाव आहे, पण दगडातल्या तलवारीचा पत्ता नाही, कारण ती रॉबेर द बोराँच्या काव्यातून १२०० च्या आसपास आली. त्याखाली वास या कवीचा ११५५ चा थर: गोलमेज आहे, लान्सलॉट नाही. त्याच्याही खाली मॉनमथच्या जेफ्रीचा, ११३८ च्या सुमाराचा थर: जादूगार मर्लिन आहे, राणी आहे, फितूर मॉर्ड्रेडही आहे, मेज मात्र नाही. म्हणजे नेल जितक्या वेळा हरेल तितके तिचे सोबती कमी होत जातात. आता लोड करण्यापूर्वी तिचा अंगठा बटणावर घुटमळतो, आणि हे मला हवेच होते.

सर्वांत जास्त वेळ त्याखालच्या थराने घेतला. दहाव्या शतकात संकलित झालेल्या वेल्श वार्षिकीत ५३७ या वर्षासमोर एवढीच नोंद आहे की, कॅम्लानच्या लढाईत आर्थर आणि मेद्रॉट (म्हणजेच मॉर्ड्रेड) पडले. ते एकमेकांविरुद्ध लढले की खांद्याला खांदा लावून, हे त्या नोंदीत नाही. चार थर मॉर्ड्रेडचा द्वेष करीत आलेली नेल इथे पोहोचते, तेव्हा धुक्यात तिच्यासमोर एक दमलेला तरुण स्वार उभा असतो आणि तो शत्रू आहे की मित्र, हे सांगणारे पान अजून कुणी लिहिलेलेच नसते. कादंबरीचा मध्यबिंदू हाच. त्याच्याखाली नवव्या शतकातला, बारा लढाया जिंकणारा पण राजा न म्हटलेला सेनानी आर्थर येतो आणि तळाशी सहाव्या शतकातला गिल्डास हा भिक्षू-लेखक. पुढे आर्थरच्या नावावर जमा झालेल्या बेडनच्या लढाईचा तो उल्लेख करतो, पण आर्थरचे नाव घेत नाही. नेलने तिथवर लोड केले, तर वाचवायला कुणी उरणारच नाही.

हे नियम कागदावर नीट भासतात आणि प्रकरणात फसतात, म्हणून ट्वाइन या, वाचत-निवडत खेळायच्या गोष्टी बनवण्याच्या संगणक-साधनात एक छोटी खेळता येणारी प्रतिकृती केली. प्रत्येक पात्राला व वस्तूला त्याच्या पहिल्या उल्लेखाचे वर्ष दिले. चालू थराचे वर्ष त्याहून आधीचे असेल, तर ते पात्र असलेला परिच्छेद दिसतच नाही. माझ्या भाचीने खेळून पाहिली. सेव्ह आणि लोड तिला समजावून सांगावे लागले नाही, पण लान्सलॉट गायब झाल्याचे तिला काहीच वाटले नाही, कारण तोवर तिची त्याच्याशी ओळखच झालेली नव्हती. त्यामुळे त्याला दुसऱ्या प्रकरणात एक विनोदी, बऱ्यापैकी लांब प्रसंग दिला आहे, ज्यात तो नेलला घोड्यावर बसायला शिकवतो आणि स्वतःच घसरतो.

प्रत्येक थरानंतर नेल वर्तमानात परतते ती विंचेस्टरच्या ग्रेट हॉलमध्ये. तिथल्या भिंतीवर टांगलेले ओकचे गोलमेज सुमारे साडेपाच मीटर व्यासाचे आणि १२०० किलो वजनाचे आहे. ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पहिल्या एडवर्डच्या काळी घडवले गेले आणि आठव्या हेन्रीने रंगवून घेतले. वर बसलेल्या आर्थरचा चेहराही हेन्रीशी मिळताजुळता आहे. मधोमध हेन्रीच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब, त्याभोवती हिरवे-पांढरे पट्टे आणि कडेला चोवीस सरदारांची नावे. राजाच्या एका बाजूला गॅलहॅड आणि दुसऱ्या बाजूला चक्क मॉर्ड्रेड! नेल परतते तेव्हा कडेचे एखादे नाव पुसलेले असते आणि मार्गदर्शक बाई मात्र नेहमीच्याच सुरात माहिती देत असतात.

शेवटची चढाई कार्ट्रिजच्या आत होणार आहे. १९८७ च्या अमेरिकी ‘लेजंड ऑफ झेल्डा’पासून अनेक कार्ट्रिजांत सेव्ह केलेला डाव एका बारीक बॅटरीच्या जोरावर टिकत असे, बॅटरी संपली की डाव गेला. आर्थर मेला नसून ॲव्हलॉन या दंतकथेतल्या बेटावर आहे आणि परत येईल, ही जुनी श्रद्धा मी या बॅटरीला जोडली आहे: तो झोपलेला नाही, सेव्ह झालेला आहे, आणि तीन व्होल्टची ती चकती आता शेवटच्या घटका मोजते आहे. तिला काढण्याआधी दुसरी बॅटरी समांतर जोडून मेमरीचा पुरवठा अखंड ठेवायचा आणि मगच जुनी सोडवायची, हे काम नेलचे आजोबा थरथरत्या हातांनी करतात. गेमची चकमक आणि सोल्डरिंग यांची आलटूनपालटून मांडणी करण्याचा विचार आहे.

पुढचे काम म्हणजे जेफ्रीच्या थरातले मर्लिनचे प्रकरण; तो सध्या फार बोलतो आणि नेलला सगळे आयते सांगून टाकतो, त्यामुळे त्याला कात्री लागेल. आपल्यापैकी कुणी डाव न गमावता जुन्या कार्ट्रिजची बॅटरी स्वतः बदलली असेल, तर त्या कामात हात नेमका कुठे अडखळतो, ते अवश्य कळवावे.