तासाला १३.९० युरो आणि आमचे भाऊजी

जानेवारीत घरच्या ग्रुपवर भाऊजींनी बातमी टाकली : जर्मनीत किमान वेतन आता तासाला १३.९० युरो. खाली त्यांचा हिशेब. "म्हणजे चौदाशे रुपयांच्या वर, तेही तासाला! वहिनी, माझ्याकडचा हेल्पर एवढ्यासाठी दोन दिवसांहून जास्त मशीनवर उभा असतो. इथे असले लाड सुरू केले तर अख्ख्या अंबड एमआयडीसीला कुलूप लागेल."

मी इथे लाइपझिगमध्ये एका करसल्लागाराच्या ऑफिसात पगारपत्रकं करते. डिसेंबरभर बेकऱ्या, सलून, फुलांची दुकानं, छोटी हॉटेलं अशा सगळ्यांच्या फायली उघडून १२.८२ या जुन्या दरावर असलेली नावं शोधायची आणि १३.९० करायची, एवढंच काम होतं. त्यामुळे भाऊजींचा मेसेज मला जरा जास्तच लागला.

रुपयांचा गुणाकार आधी संपवते. आठवड्याला चाळीस तास या दराने काम केलं तर महिन्याला साधारण २४०० युरो होतात. कर, आरोग्य विमा, पेन्शन वगैरे कापून एकट्या माणसाच्या हातात सतराशेच्या आसपास उरतात. त्यातून घरभाडं गेलं की भाऊजींचा हेवा बराच ओसरेल.

आणि एक गोष्ट मी त्यांना मोठ्या तोऱ्यात लिहिली. आपला किमान वेतन कायदा १९४८ चा, जर्मनीचा अमलात आला १ जानेवारी २०१५ ला. सदुसष्ट वर्षं आपण पुढे! १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतन कशावरून ठरवावं याचे निकषसुद्धा ठरले होते : माणशी २७०० कॅलरी, कपडा, घरभाडं. इथे त्या काळात अशा कायद्याची गरजच कुणाला वाटत नव्हती. पगार कामगार संघटना आणि मालक आपसात ठरवत, आणि सरकारने त्यात नाक खुपसू नये हे खुद्द बऱ्याच संघटनांचंही मत होतं. पुढे संघटनांचा जोर ओसरला आणि पूर्व जर्मनीत पगार फारच खाली राहिले. आमच्या सॅक्सनी राज्यात केशकर्तनाच्या धंद्यात करारातलेच दर एकेकाळी तासाला चार युरोंच्या आत होते. त्या दिवसांत सलूनमध्ये काम केलेल्या बायका ते अजून सांगतात.

कायदा येण्याआधी इथे भाऊजींसारखे पुष्कळ होते, फक्त त्यांच्या नावामागे प्रोफेसर लागत असे. नऊ लाखांपर्यंत नोकऱ्या जातील असे अंदाज छापून आले. प्रत्यक्षात ८.५० युरोंचा दर लागू झाला, सुमारे ४० लाख नोकऱ्यांचा पगार त्यामुळे सुधारला आणि पुढची काही वर्षं बेकारी उलट कमीच होत गेली. टॅक्सीचं भाडं वाढलं, पूर्वेकडे तर चांगलंच. मिनिजॉब, म्हणजे महिन्याच्या ठरावीक कमाईपर्यंत कामगाराला जवळपास करमुक्त असलेली छोटी नोकरी, त्या मात्र कमी झाल्या. त्यांतल्या काहींची पूर्ण विम्याची नोकरी झाली.

अर्थतज्ज्ञ क्रिस्तियान डुस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला यासाठी आवडतो, की त्यात 'नोकऱ्या गेल्या की नाही' एवढ्यावर गाडी थांबत नाही. खालच्या पगारवाल्यांचं वेतन वाढलं, एकूण रोजगार घटला नाही, पण माणसं हलली. कमी पगार देणाऱ्या छोट्या आस्थापनांतून जास्त पगार देणाऱ्या, मोठ्या आस्थापनांत गेली. काही छोटी दुकानं मिटली, काहींचा कामाला जायचा प्रवास लांबला. माझ्या फायलींत मला हेच दिसतं. कोपऱ्यावरची बेकरी बंद होते आणि तिथली बाई चार स्टेशनं पुढच्या साखळी दुकानात लागते. आकडेवारीत नोकरी शाबूत असते. बेकरीवाल्याचं काय झालं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. (छोट्या बेकऱ्या इथे या कायद्याच्या कितीतरी आधीपासून बंद पडताहेत, त्यामुळे सगळं पाप किमान वेतनाच्या माथी मारू नये.)

भाऊजींचा पुढचा प्रश्न रास्त होता. किंमत वाढवली की मागणी घटते, मग मजुरीलाच हा नियम का लागू नाही? त्यांना लासलगावचं उदाहरण दिलं. लिलावाला दोनच व्यापारी आले आणि त्यांनी आपसात ठरवून घेतलं, तर कांद्याला रास्त भाव मिळत नाही आणि बरेच शेतकरी माल आणतच नाहीत. अशा वेळी भावाला खालून टेकू दिला तर बाजारात माल वाढतो. मजुरीचंही तसंच. परिसरात काम देणारे मोजके असतील, किंवा माणसाला नोकरी बदलणं अवघड असेल, तर पगार आधीच दाबलेला असतो. तो थोडा वर उचलला तर नोकऱ्या जायलाच हव्यात असं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९२ मध्ये अमेरिकेत हेच तपासलं. न्यू जर्सीने किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. दोन्हीकडच्या ४१० फास्टफूड दुकानांची तुलना केल्यावर न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. त्यावर पुढे अनेक वर्षं कडाक्याचे वाद झाले. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पण टेकू किती उंच लावायचा हा प्रश्न उरतोच, व्यापाऱ्याला परवडेना झालं की तो लिलावालाच येत नाही.

आता माझी खरी चिडचिड. तिचा भाऊजींशी काही संबंध नाही.

एका बेकरीच्या फायलीत एक बाई आहे. रीतसर तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेली, वीसेक वर्षांचा अनुभव, पहाटे दुकान उघडण्यापासून गल्ला जुळवण्यापर्यंत सगळं करणारी. मागच्या वर्षी तिला किमान वेतनापेक्षा तासाला जवळजवळ दीड युरो जास्त मिळत होता. यंदा खालचा दर एका फटक्यात १.०८ ने वर आला आणि तिच्या पगारात मालकाने वीस सेंट टाकले. म्हणजे परवा आलेली, अजून ब्रेडची नावं पाठ करणारी पोरगी आणि ही बाई यांच्यात आता साठेक सेंटचा फरक आहे. मालकाला विचारलं तर तो हात वर करतो : "सगळ्यांचेच वाढवले तर पाव कितीला विकू?" त्याचंही खोटं नाही. पण त्या बाईचं पत्रक छापताना मला दरवेळी राग येतो. खालच्याला वर आणायचं म्हणून वरच्याला जागेवर उभं ठेवायचं, हा कुठला न्याय? थोडी लाट वरच्या पगारांपर्यंतही पोचते असं अभ्यास सांगतात. माझ्या बेकरीत ती वीस सेंटांची पोचली. नव्या मुलांनी मग तीन-तीन वर्षं प्रशिक्षण तरी कशाला घ्यावं? जर्मनांना आपल्या या प्रशिक्षणपद्धतीचा एवढा अभिमान, आणि त्याचं मोल तासाला साठ सेंट!

आणि इथे मी पुन्हा आपल्या बाजूने बोलणार. महाराष्ट्रात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे दर असतात, शिवाय परिमंडळं वेगळी आणि वर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. आम्ही त्या तक्त्यांना क्लिष्ट म्हणून हसतो, पण निदान कागदावर तरी टर्नर आणि हेल्पर यांच्यात पायरी ठेवलेली आहे. जर्मन कायद्यात आकडा एकच. वरच्या पायऱ्या संघटनांच्या करारांनी बांधाव्यात अशी अपेक्षा, आणि असे करार आता जेमतेम निम्म्या कामगारांना लागू. आमच्या बेकरीला तर नाहीच.

(बेकरीचा पुळका येण्याचं कारण आहे. इथे आल्यावर मी स्वतः बेकरीत मिनिजॉब केलाय, सासूबाईंना बराच काळ सांगितलं नव्हतं. तेव्हा मिनिजॉबची मर्यादा महिना ४५० युरोंवर गोठलेली होती. ८.५० च्या दराने त्यात जवळपास ५३ तास बसत. २०२२ च्या जुलैत दर १०.४५ झाला तेव्हा ४३ तासच बसू लागले. दर वाढला, तास गेले, हातात तेवढेच पैसे. ऑक्टोबर २०२२ पासून मर्यादा किमान वेतनाला बांधली, म्हणून आता ती ६०३ आहे. हे शहाणपण यायला सात-आठ वर्षं लागली.)

हे सगळं लिहिल्यावर भाऊजींनी एकच ओळ पाठवली : "आणि आईकडे येणाऱ्या मावशींना तासाला किती पडतात, वहिनी?"

प्रश्न खोचक होता. पण ती तुलना बरोबर नाही, असं मला खरंच वाटतं. मावशी चार घरी जातात, त्यांचे तास कुणी मोजत नाही, दिवाळीला पूर्ण पगार वेगळा असतो, मुलीच्या फीचे पैसे आम्ही भरलेत. आणि कॉलनीत एकट्या आम्हीच दर वाढवला तर शेजारच्या काकू सासूबाईंशी बोलायच्या बंद होतील. इथे दर सगळ्यांनाच लागू असतो, म्हणून कुणा एकाला वाईट व्हावं लागत नाही. तेवढं मी लिहिलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही आलं.

फरक राबवण्यात आहे, हे मात्र मान्य. इथे किमान वेतनाची तपासणी कस्टम्सवाले करतात. कमरेला पिस्तूल लावलेले अधिकारी हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरतात आणि एकेकाला बाजूला घेऊन विचारतात, किती वाजता आलास, पैसे कोण देतं. हॉटेलवाल्यांना आणि मिनिजॉबवाल्यांच्या मालकांना रोजच्या तासांची नोंद सात दिवसांत करून दोन वर्षं जपावी लागते. तरी पळवाटा आहेतच, आणि त्यांत आपली माणसं मागे नाहीत. करार महिन्याला चाळीस तासांचा, काम त्याच्या दुप्पट, वरचे पैसे पाकिटात किंवा "जेवण दिलं ना" म्हणून नाहीतच, हे पुण्याहून शिकायला आलेल्या मुलांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता धक्का बसत नाही.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा-मुलगी इकडे येणार असेल तर त्यांना सांगा : रोज आलो किती वाजता, गेलो किती वाजता हे स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवायचं. टिप किमान वेतनात धरता येत नाही. "पुढे काही मागणार नाही" असं मालकाने आधीच लिहून घेतलं असलं तरी किमान वेतनाचा हक्क त्याने जात नाही, आणि थकलेले पैसे साधारण तीन वर्षांपर्यंत मागता येतात. जानेवारी २०२७ पासूनचा दर ठरलाय, १४.६०.