बिलाच्या नावाची फाईल : तिसरा आठवडा

खानापुरात आमच्या मामांचं झेरॉक्सचं दुकान. त्यांना मेलवर बिल म्हणून झिप आली होती. तिच्यात व्हायरस असणार, तो नेमकं काय करतो हे मी तीन आठवडे उलगडतोय. आत जेएस फाईल, म्हणजे जावास्क्रिप्टचा चालणारा प्रोग्राम, नावात मात्र पीडीएफ. विंडोज नावाचं शेवटचं एक्स्टेन्शन (फाईलचा प्रकार सांगणारी अक्षरं) लपवतं, त्यामुळे मामांना पीडीएफच दिसलं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस याच जोरावर पसरला. तेव्हा टीएक्सटीमागे व्हीबीएस, म्हणजे साध्या मजकुराच्या नावामागे प्रोग्राम, दडलं होतं. मामांनी क्लिक करायच्या आधी फोन केला, नशीब.

जुन्या लॅपटॉपवर रेमनक्सचं (व्हायरस तपासायचं लिनक्स) व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वेगळा कॉम्प्युटर. नेटवर्क बंद, शेअर्ड फोल्डर बंद, क्लिपबोर्डही बंद. स्नॅपशॉट (मशीनची आहे तशी प्रत, बिघडलं तर मागे जायला) घेतल्याशिवाय फाईलला हात नाही. (पावसाळ्यात आमच्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉपची बॅटरी तर मेलेलीच. स्नॅपशॉटने दोनदा वाचवलं.)

फाईल उघडली तर हजारो ओळी, आणि बहुतेक सगळा जेक्वेरीचा, म्हणजे वेबसाइटवाले वापरतात त्या तयार लायब्ररीचा, खराखुरा कोड! पहिले दोन दिवस तोच वाचत बसलो, येडा. मग त्याच आवृत्तीची मूळ फाईल आणून डिफ मारला, म्हणजे दोन्हींतला फरक काढला. उरल्या जेमतेम साठ ओळी.

त्यात मजकुराचे तुकडे उलटे लिहून इकडेतिकडे फेकलेले. मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या 'इव्हॅल'च्या जागी तो नुसता छापणारा कन्सोल लॉग लावला, पण काहीच छापलं जाईना. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दिसलं, इव्हॅल तिथे नुसतं दाखवायला होतं. खरं काम फंक्शन कन्स्ट्रक्टर (मजकुरातून कोड बनवायची दुसरी वाट) करत होता. तिथे लॉग लावल्यावर पुढचा थर सुटला. त्याला विंडोजच्या सोयी वापरू देणारं ॲक्टिव्हएक्स हवं, मी जावास्क्रिप्ट चालवत होतो त्या नोडमध्ये ते नसतं. म्हणून खोटं ऑब्जेक्ट लिहिलं: काय मागतोस ते नोंदवतो, देत काही नाही.

त्या कोडने मागितलं पॉवरशेल (विंडोजला हुकूम द्यायचं साधन), एन्कोडेड कमांडसह. कमांडचं बेस६४ (साध्या अक्षरांतलं सांकेतिक रूप) सोडवलं तर प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट. घाबरू नका, पॉवरशेल तिथे यूटीएफ-१६च घेतं, त्यात अशा अक्षराला दोन बाइट लागतात. सायबरशेफ या डिकोडिंगच्या साधनात तो पर्याय निवडला आणि वेबपत्ता मिळाला. वहीत एचटीटीपीचं एचएक्सएक्सपी करून लिहिला, चुकून क्लिक व्हायला नको.

मालवेअरबझार या व्हायरसच्या नमुन्यांच्या साइटवर फक्त शा-२५६, म्हणजे फाईलचा ठसा, शोधला, फाईल चढवली नाही. फाईलच्या नावात मामांच्या दुकानाचं नाव आहे.

रविवारी दुकानात जाऊन जेएस फाईल यापुढे चालणार नाही, नोटपॅडमध्येच उघडेल असं करून आलो. मामांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला.

"ते सगळं असू दे की रे. पण माझं बिल कुठाय?"