बेळगाव ते बैतखोल : धक्क्यावरून माणकी

कारवारला बैतखोल बंदरावर माणकी, म्हणजे स्क्विड, धरायला जायचं म्हटलं की आम्ही बेळगावकर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. शनिवार-रविवार मागाहून, आधी तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला आणि रात्री साडेआठच्या मागेपुढे समुद्र पूर्ण भरतो. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, तेवढा भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्का करून घ्यायचा.

नवशिक्याला सगळ्यात सोयीची वद्य एकादशी-द्वादशी. दिवस मावळतो तेव्हा भरती चढत असते आणि चंद्र उगवायला मध्यरात्र उलटते, त्यामुळे धक्क्यावरच्या दिव्याचा उजेड पाण्यात एकवटतो. त्या उजेडाला बारीक मासळी जमते आणि तिच्या मागे माणकी येते. पौर्णिमेला सगळाच समुद्र उजळलेला, माणकी पांगते. घरात एकादशी पाळणारं कुणी असेल तर द्वादशीचा मुहूर्त धरावा. भरती पाऊण तास पुढे जाते, एवढंच.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याचं कारण रस्त्यातच दिसतं. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा असं उतरत कारवार गाठायला चहापाण्यासकट चार-साडेचार तास धरा. खानापूरकडचा पाऊस मलप्रभेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो. रामनगर सोडलं की पाण्याने दिशा बदललेली असते: जोयड्याच्या जंगलातला पाऊस काळी नदीत, तिथून कद्र्याच्या धरणावाटे कारवारच्या समुद्रात. माणकीला गोडं पाणी अजिबात सोसत नाही. अंगातला खारटपणा सांभाळून घेण्याची सोय तिच्या शरीरात नाही, त्यामुळे पाणी पातळ झालं की ती खोल निघून जाते. म्हणून पावसाळा संपला तरी लगेच निघू नये, आणि अवकाळी पावसाने काळी नदी गढूळ झाली असेल तर चार-पाच दिवस थांबावं. कद्र्याच्या पुढे नदी दिसते तिथे गाडी हळू करून पाण्याचा रंग बघून घ्यायची आमची पद्धत आहे. चहासारखा रंग दिसला तर कारवारात मासळीचं जेवण जेवायचं आणि काठी गाडीतच ठेवायची.

जागा निवडतानाही हाच हिशेब. काळीचं मुख उत्तरेला, कोडीबाग आणि सदाशिवगडाच्या मधे. बैतखोल दक्षिणेच्या टोकाला, डोंगराच्या आडोशाला. मुखाजवळ गळ टाकायचाच असेल तर भरतीच्या शेवटच्या दोन तासांत टाकावा, ओहोटी लागली की नदीचं गोडं पाणी समुद्रात उतरतं. बैतखोलला तेवढी अडचण नाही. पण ते बंदर आहे. मच्छीमारांच्या धक्क्यावर विचारून बसावं, बोटी लागायच्या वेळी उठावं, नांगराच्या दोरांपासून लांब राहावं. आणखी दक्षिणेला अरगे इथे नौदलाचा तळ आहे, तिकडे काठीच काय, मोबाइलचा कॅमेराही काढू नये.

उजेड असतानाच पोचायचं आणि धक्क्याच्या कडेचं काँक्रीट बघत चालायचं. काळे शिंतोडे दिसले की समजावं, इथे कुणीतरी माणकी वर घेतली आहे. ताजी शाई चकचकीत काळी, जुनी राखाडी. जास्तीत जास्त ताजे डाग जिथे, तिथे बसायचं. याहून खात्रीचा पत्ता कुणी सांगणार नाही.

आता सामान. मलप्रभेवर किंवा हिडकलला वापरतो ती जाड, आखूड काठी इथे उपयोगाची नाही. आठ ते साडेआठ फुटांची, शेंड्याला नरम काठी हवी. 2500 नंबरचं रीळ, त्यावर 10 ते 15 पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी आणि पुढे 10-12 पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे टोकाला जोडायची चिवट दोरी, एक ते दीड मीटर. विणलेली दोरी ताणत नाही, म्हणून बारीकशी ओढ हातापर्यंत येते. पण खडकाला घासली की लगेच कापली जाते, तिथे लीडर लागतो.

आमिष लागत नाही. कापड चढवलेला कोळंबीच्या आकाराचा जिग, म्हणजे आकडे लावलेलं खोटं भक्ष्य असतं, जपानी लोक त्याला एगी म्हणतात. त्याच्या शेपटाला उलट्या छत्रीसारखे आकड्यांचे दोन गोल, आणि आकड्यांना उलटा काटा नसतो. नंबर 2.5, 3 आणि 3.5 असे मिळतात. सुरुवातीला 3 नंबरचे तीन घ्या: एक फिका, एक गडद, एक आतून चमकणारा. माणकीला रंग ओळखता येत नाहीत, उजेड-अंधाराचा फरक मात्र नेमका कळतो. त्यामुळे दुकानदाराने दाखवलेल्या वीस रंगांना भुलू नये.

पहिली फेक टाकण्याआधी जिग पायापाशीच पाण्यात सोडून बघावा. नाक खाली, शेपूट वर, साधारण पंचेचाळीस अंशांत सरळ उतरला पाहिजे. गिरक्या घेत असेल तर कापड फाटलंय, आकडा वाकलाय किंवा शेवाळ अडकलंय. असा जिग रात्रभर फेकला तरी माणकी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

खरी मेख पुढे आहे. 3 नंबरचा साधा जिग एक मीटर उतरायला तीन ते साडेतीन सेकंद घेतो. फेकायचा, दोरी मोकळी सुटू देत मनात सेकंद मोजायचे आणि दोरी ढिली पडली की तळ लागला. अठरा सेकंदांना लागला तर खोली साधारण पाच-साडेपाच मीटर. पुढच्या फेकीला पंधरावरच थांबायचं, म्हणजे जिग तळाच्या दगडांत अडकत नाही. मग मनगटाने दोन झटके, काठी कमरेपासून खांद्यापर्यंत. जिग उसळतो, माणकीचं लक्ष जातं. पण ती धरते उसळताना नाही, पडताना. झटक्यांनंतर चार ते सहा सेकंद काठीचा शेंडा खाली आणून जिग निवांत पडू द्यायचा. दोरी एवढी सैल की जिगला ओढ बसू नये, एवढी ताठ की त्याला काही लागलं तर कळावं. नवशिके झटके छान मारतात आणि हा पडण्याचा वेळ खाऊन टाकतात. धक्क्यावर नव्या माणसाला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते एवढंच: "अरे सोड, पडू दे की!"

वारा सुटला की दोरीला पोट पडतं आणि काहीच कळेनासं होतं. अशा वेळी काठी पाण्याजवळ धरावी, वाऱ्याच्या दिशेनेच फेकावं. दिव्याच्या लख्ख उजेडात फेकण्यापेक्षा उजेड आणि सावलीच्या हद्दीवर फेकावं, माणकी अंधाराच्या बाजूला दबा धरून असते. स्वतःचे मोठे दिवे नेऊ नयेत. एलईडी लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने 2017 साली बंदी घातली आहे, आणि कपाळावरचा टॉर्च पाण्यावर फिरला तरी शेजारचे ओरडतातच.

लागली हे कसं ओळखायचं? माशासारखा ठोका बसत नाही. पडणारी दोरी मोजणी पुरी होण्याआधीच थांबते, किंवा आपोआप बाजूला सरकते, किंवा झटका मारायला गेलं की काठी जड लागते. इथे नदीवरची सवय घात करते. मरळ किंवा कटला लागला की आपण हिसका देतो. माणकीला हिसका दिला की तिचा सोंडा तुटून आकड्यावर राहतो आणि माणकी जाते. काठी एका दमात, सावकाश वर घ्यायची आणि रीळ त्याच गतीने फिरवत राहायचं. काठी वरखाली करायची नाही. आकड्याला उलटा काटा नसल्यामुळे क्षणभर ढील मिळाली की ती सुटते. ती मागच्या मागे पिचकारीसारखं पाणी सोडत ओढते तेव्हा दोरी सुटली पाहिजे. त्यासाठी रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ओढीला सुटावी ते ठरवणारा ब्रेक, आधीच बसवावा: अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली दोरीला टांगायची, काठी उचलली की रीळ हळूच सुटावं इतपत.

धक्का उंच, ओहोटीला तर पाणी आणखी खाली जातं. दोरीने उचलू नका, अर्ध्यात सोंडा तुटतो. चार-पाच मीटर दांड्याची जाळी हवी. माणकी घाबरली की मागे पळते, म्हणून जाळी तिच्या शेपटामागे बुडवून धरायची, मग दोरी किंचित सैल सोडायची. ती आपण होऊन जाळीत शिरते. त्याआधी पाण्यातच तिला शाई सोडू द्यावी, एकदा नव्हे, दोन-तीनदा. वर घेतल्यावर तिची शाई फेकायची नळी समुद्राकडे वळवून धरावी, नाहीतर शर्ट गेला. सोंडांच्या मधोमध पोपटासारखी चोच असते, तिथे बोट नको. जिग उलटा केला की ती स्वतःच्या वजनाने निसटते. सांडलेली शाई लगेच खाऱ्या पाण्याने धुऊन टाकावी, उद्या तिथेच कुणाची जाळी पसरणार असते.

डोळ्यांच्या मधे वर, सुरीचं टोक आत घालून मारतात. अंगावरचे तपकिरी ठिपके उघडमीट करत असतात. टोक बरोबर लागलं तर एक बाजू झरकन काचेसारखी पांढरी होते. मग टोक शेपटाकडे वळवून पुन्हा, की दुसरी बाजू. रंग गेला नाही तर जागा चुकली.

बेळगावपर्यंत आणायची तर बर्फाला थेट लावू नये. वितळलेलं गोडं पाणी लागलं की मांस पांढरं आणि रबरी होतं. पिशवीत घट्ट बांधून बर्फाच्या वर ठेवावी. घरी डोकं ओढून काढताना शाईची पिशवी सोबत येते, ती फोडायची नाही. मग पाठीतलं पारदर्शक पातं, चोच आणि वरची साल. कारवारकडे तिरफळ आणि आमसूल घालून सुकं करतात ते उत्तमच. फक्त विस्तवावर एक तर दोन मिनिटं ठेवा, नाहीतर मंद आचेवर पाऊण तास. मधला वेळ कुठलाही असला तरी चावत बसावं लागतं.